पदकाचा धातू, बिल्ल्याचा कारागीर: नळदुर्ग-धाराशिवच्या मुलखातील लष्करी खुणा

जुने लष्करी पदक ओळखताना तीन ठिकाणी पाहावे लागते: त्याचा धातू, त्याची कड आणि टांगणीचे जोडकाम. दर्शनी बाजूवरचा राजाचा मुखवटा किंवा मागचे चित्र लाखो पदकांवर सारखेच असते. पदक कोणाला मिळाले, ते कुठल्या टांकसाळीत घडले आणि नंतर त्यात कोणी हात घातला, हे मात्र त्या तीन ठिकाणीच कळते. बिल्ल्यांना कडेवर नाव नसते. तिथे मागची बाजू, मागच्या कड्या आणि ठसा उमटल्याची सफाई यांवर भिस्त ठेवावी लागते.

धाराशिव जिल्ह्यात ही पारख विशेष महत्त्वाची आहे, कारण या मुलखावरून दीडशे वर्षांत निजामाची, इंग्रजांची आणि स्वतंत्र भारताची अशी तीन सत्तांची लष्करे गेली. प्रत्येकाची नोकरीची पद्धत वेगळी, पदके वेगळी, धातू वेगळे.

युद्धसामग्रीवर घडवणाऱ्याचे नाव कोरण्याची रीत इथे त्याहूनही जुनी आहे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १६३२ मध्ये तिथे नेण्यापूर्वी परंड्याच्या किल्ल्यात होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणाऱ्याचे नाव, महंमद बिन हसन रूमी, तिच्यावर लिहिलेले आहे. तांबे-कथलाच्या मिश्रणाची ही तोफ सुमारे ५५ टनांची भरते. धातू, ठिकाण, साल आणि कारागीर या चारही गोष्टी वस्तूच सांगते, असे भाग्य पुढच्या काळातल्या लहानशा पदकांच्या वाट्याला फार क्वचित आले.

इंग्रजी पदकांचा या जिल्ह्याशी थेट संबंध १८५३ मध्ये आला. त्या वर्षी २१ मे रोजी झालेल्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च त्या मुलखांच्या वसुलातून भागवायचा होता. फौज ठरली होती किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने. नळदुर्गला उपआयुक्त म्हणून आलेला फिलिप मेडोज टेलर हा लेखक म्हणूनही प्रसिद्ध होता. १८६० च्या तहाने नळदुर्गचा मुलूख निजामाकडे परत गेला. तोवर सात वर्षे इथल्या काळ्या जमिनीचा सारा त्या पलटणींच्या पगारात जात होता. कंटिंजंटची एक छावणी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती; बाकीच्या हिंगोली, औरंगाबाद, बोलारम अशा ठिकाणी विखुरलेल्या होत्या. जिल्ह्याच्या इतिहासात या तहाची नोंद महसुलाच्या प्रकरणात होते. ती लष्कराच्या प्रकरणातही व्हायला हवी.

याच काळात, १८५७ च्या उठावात, कंटिंजंटच्या पलटणी इंग्रज सेनापती सर ह्यू रोझच्या मध्य भारतातल्या मोहिमेत लढल्या. १८५७-५८ चे पदक चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे आहे. पुढे तरुण व्हिक्टोरियाचे डोके, मागे ढाल घेतलेली ब्रिटानिया आणि तिच्या पाठीशी सिंह. मध्य भारतात लढलेल्यांच्या पदकावर ‘सेंट्रल इंडिया’ अशी चांदीची आडवी पट्टी असते. कंटिंजंटच्या शिपायाचे पदक हाती आले तर हीच पट्टी अपेक्षित धरावी. दिल्ली किंवा लखनौची पट्टी असेल तर तिचे टाके आणि खिळे भिंगातून पाहावेत. पट्ट्या बदलून पदकाची किंमत वाढवण्याचा धंदा जुना आहे.

धातूचा दर्जा आणि माणसाचा दर्जा एकमेकांना बांधण्याची पद्धत कंपनीने फार आधी रूढ केली होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, त्या मोहिमेत निजामाची फौजही कंपनीच्या बाजूने होती. त्या विजयाचे पदक पाच धातूंत पाडले गेले: सेनापतींना सोने, वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, कॅप्टन व त्याखालच्या अधिकाऱ्यांना चांदी, हवालदारांसारख्यांना कांसे आणि साध्या शिपायाला कथील. चित्र मात्र सर्वांवर एकच, वाघाला लोळवणारा सिंह. हे पदक बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत घडले. ठसे कोरणारा होता सी. एच. क्युख्लर. काही प्रती नंतर कलकत्त्याच्या टांकसाळीतही पाडल्या गेल्या. त्यांचा व्यास कमी, सुमारे ४५ मिलिमीटर आहे. सोहोच्या प्रती ४८ मिलिमीटरच्या. एकाच पदकाचे दोन कारागीर नुसत्या मोजपट्टीने वेगळे करता येतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही उतरंड पुढे दोनच पायऱ्यांवर आली. १८५४ चे इंडिया जनरल सर्व्हिस पदक चांदीचे होते. ‘बर्मा १८८५-७’ या पट्टीपासून तेच पदक कांस्यातही पाडले जाऊ लागले. लढाऊ शिपायाला चांदी आणि लष्करामागून चालणाऱ्या चाकरमान्यांना कांसे. त्या ब्रह्मदेशच्या मोहिमेत कंटिंजंटच्या काही पलटणी होत्या. पलटणीबरोबर भिस्ती, डोलीवाले, सईस, खानसामे, खेचरवाले अशी मोठी मंडळी जात. पाणी पोहोचवणारा भिस्ती गोळीच्या टप्प्यात तितकाच असे, पण पदक त्याला कांस्याचे मिळे. १८९५ चे इंडिया पदक, १९०० चे चीनचे, १९०३-०४ चे तिबेटचे, सगळ्यांत हा भेद आहे. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस पदकात तो पहिल्या दोन पट्ट्यांपुरता उरला आणि मग थांबला. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलमध्ये तो पुन्हा दिसतो. या पदकाच्या सुमारे ६५ लाख प्रती चांदीत आणि १,१०,००० प्रती कांस्यात निघाल्या. कांस्याच्या प्रती भारतीय, चिनी, माल्टी अशा मजूर पथकांसाठी होत्या.

बाजारात चांदीच्या पदकाला भाव येतो आणि कांस्याचे पदक ‘तांब्याचा तुकडा’ म्हणून भंगारात जाते. इतिहासाच्या दृष्टीने हा हिशेब उलटा आहे. शिपायाचे नाव पलटणीच्या कागदांत, निवृत्तिवेतनाच्या वहीत कुठे ना कुठे सापडते. भिस्त्याचे किंवा मजुराचे नाव बहुधा एकाच ठिकाणी धातूवर उमटलेले असते: त्याच्या कांस्याच्या पदकाच्या कडेवर, त्याच्या कामासकट.

आता धातूंची प्रत्यक्ष ओळख. इंग्रजी काळातली चांदीची पदके बहुतांशी ९२.५ टक्के शुद्ध चांदीची, म्हणजे ‘स्टर्लिंग’ प्रतीची असतात. तुलनेसाठी लक्षात ठेवावे की ब्रिटिश भारतातला रुपया ९१.६७ टक्के चांदीचा होता, तर हैदराबादच्या हाली शिक्क्याच्या रुपयात चांदी ८१.८ टक्केच होती. चांदीवर गंधकाचा परिणाम होऊन काळपट, कधी निळसर झाक चढते आणि ती अक्षरांच्या खाचांत जास्त दाट असते. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया नुसत्या निकेलचा झाला. त्याच काळातली वॉर मेडल १९३९-४५, डिफेन्स मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल ही तांबे-निकेलच्या मिश्रधातूची आहेत. रंग पांढरट, पण चांदीची ऊब त्यात नाही. जुनी झाली की ती करडी पडतात, काळी पडत नाहीत. घरोघर ‘आजोबांचे चांदीचे पदक’ म्हणून जपलेली अनेक पदके याच मिश्रधातूची असतात. त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. त्यांचा काळ मात्र पक्का होतो. त्याच महायुद्धाचे सहा टोकांचे तारे तांबे-जस्ताच्या मिश्रणाचे, पितळेच्या जवळचे आहेत. १९१४-१५ चा तारा कांस्याचा.

‘जर्मन सिल्वर’ या नावात चांदी असली तरी धातूत ती नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे आणि बिल्ल्यांत ते भरपूर वापरले गेले. गिलेटचे म्हणजे मुलामा दिलेले काम उंच भागांवर झिजते. नाक, मुकुटाचे टोक, पानांच्या कडा अशा जागी खालचे पितळ किंवा तांबे डोकावते. भरीव चांदी आणि मुलामा यांतला फरक तिथेच कळतो.

सोनाराकडे नेले की तो कसोटीवर कस लावतो. पदकाच्या बाबतीत हे टाळावे, कारण कस लावायला कड घासावी लागते आणि नाव असते ते कडेवरच. त्यापेक्षा वजनाची रीत निर्धोक आहे. समजा फितीशिवाय आणि टांगणीशिवाय एक चकती हवेत ३१ ग्रॅम भरली. बारीक दोऱ्याने ती पाण्यात बुडवून तोलली आणि वजन २८ ग्रॅम आले. फरक ३ ग्रॅम. ३१ ला ३ ने भागले की १०.३ येते, आणि स्टर्लिंग चांदीची घनता १०.३६ आहे, म्हणजे चकती चांदीची. तीच चकती पाण्यात २७.५ ग्रॅम भरली तर भागाकार ८.८६ येतो, आणि मग ती तांबे-निकेल किंवा कांसे. या दोहोंतला निवाडा रंगावर करावा: तांबूस झाक असेल तर कांसे, करडी असेल तर तांबे-निकेल. पितळ ८.४ ते ८.५ च्या आसपास येते, कथील ७.३ आणि ॲल्युमिनियम अवघे २.७. फीत शिवलेली असेल तर हा प्रयोग करू नये, कारण जुनी रेशमी फीत भिजली की रंग सोडते. मोठ्या संग्रहालयांत क्ष-किरणांच्या यंत्राने धातूचे घटक मोजतात आणि वस्तूला ओरखडाही येत नाही. व्हिक्टोरिया क्रॉसविषयीची एक जुनी समजूत याच तपासणीने डळमळली. तो क्रॉस सेव्हास्टोपोलच्या रशियन तोफांच्या कांस्याचा असतो असे सांगितले जाई. प्रत्यक्षात ज्या तोफांचा धातू बराच काळ वापरला गेला त्या चिनी बनावटीच्या निघाल्या. महाराष्ट्राला ही गोष्ट जवळची आहे, कारण यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना इटलीच्या रणांगणावर हाच क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला.

कारागीर शोधताना सर्वांत जास्त फसवणूक मुखवट्याखालच्या सहीने होते. राणीच्या मानेखाली ‘डब्ल्यू. वायन आर. ए.’ असे लिहिलेले असते, त्यावरून वायन नावाच्या पेढीने पदक बनवले असा समज होतो. ती सही ठसा कोरणाऱ्या कलावंताची आहे. पंचम जॉर्जच्या मानेवरची ‘बी. एम.’ ही अक्षरे बर्ट्रम मॅकेनल यांची आणि षष्ठ जॉर्जच्या मुकुटधारी मुखवट्याखालची ‘पी. एम.’ पर्सी मेटकाफ यांची. या सह्यांवरून काळ ठरतो, टांकसाळ ठरत नाही.

टांकसाळ ओळखायला टांगणीच्या मुळाशी पाहावे. चकतीला वरून दोन बाजूंनी धरणारी जी नखी असते, ती १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस पदकावर दोन प्रकारची आढळते. लंडनच्या टांकसाळीच्या पदकावर नखी नक्षीदार आहे आणि कलकत्त्याच्या पदकावर ती साधी आहे. बाकी सगळे सारखे: मागे डोंगरांपुढचा जमरूदचा किल्ला, पुढे सप्तम एडवर्ड किंवा पंचम जॉर्ज. कलकत्त्याची ही टांकसाळ १८२९ पासून हुगळीकाठच्या स्ट्रँड रोडवर चालत होती. भारतीय फौजेची बरीच पदके तिथे पडली. लंडनचे ते अस्सल आणि कलकत्त्याचे ते दुय्यम, असे संग्राहक पुष्कळदा मानतात. त्याला आधार नाही. दोन्ही सरकारी टांकसाळींची कामे आहेत, आणि भारतीय शिपायाच्या हातात कलकत्त्याचे पदक असणे हेच अधिक स्वाभाविक आहे.

कड वाचणे हे या विद्येतले सर्वांत फलदायी काम आहे. पदक तिरपे धरून एका बाजूने उजेड टाकला तर झिजलेली अक्षरेही सावलीने वर येतात. १८५७-५८ च्या पदकांवर रोमन मोठी अक्षरे एकेक ठशाने ठोकून उमटवलेली आहेत. १८९५ च्या पदकांवर बहुधा तिरपी, अक्षरे जोडून लिहिलेल्या वळणाची कोरीव लिपी आहे. महायुद्धांच्या पदकांवर पुन्हा ठोकलेली बारीक मोठी अक्षरे. आधी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या सैनिकांना पदके नावाशिवाय दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे आहेत. म्हणून त्या युद्धाचे नाव असलेले पदक सापडले की संशय घ्यायचे कारण नाही, उलट ते भारतीय सैनिकाचे असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. लिहिणारे कारकून मराठी-दख्खनी नावे कानाला आली तशी रोमन अक्षरांत उतरवत. त्यामुळे एकाच माणसाचे नाव दोन पदकांवर दोन तऱ्हांनी आढळले तरी क्रमांक जुळत असेल तर पदके त्याचीच समजावीत.

जुने नाव घासून नवे घातलेले असेल तर दोन खुणा राहतात. कड मधोमध किंचित खोल गेलेली असते आणि व्यास एखाद्या दशांश मिलिमीटरने कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपर तीन-चार ठिकाणी लावून पाहिला की हे लपत नाही. ओतून केलेल्या नकला वेगळ्या प्रकारे पकडल्या जातात. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ पदकापेक्षा थोडी लहान होते. शिवाय पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात आणि अक्षरांच्या कडा गोलावतात. ठशाखाली दाबून पाडलेल्या अस्सल पदकाची सपाट जागा गुळगुळीत असते आणि अक्षरे भिंतीसारखी उभी राहतात.

पहिल्या महायुद्धात हैदराबाद संस्थानाचे लान्सर पथक इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातले तीन कांस्य सैनिक हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या लान्सर पथकांचे आहेत. लेनर्ड जेनिंग्ज यांनी केलेले हे शिल्प १९२२ मध्ये उभे राहिले. कंटिंजंटमधून निघालेली विसावी डेक्कन हॉर्स ही घोडदळाची पलटण फ्रान्सला गेली आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूडजवळ तिने भाले घेऊन चाल केली. निजाम मीर उस्मान अली खान या पलटणीचे मानद कर्नल होते. ज्यांच्यावरून जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले तेच हे निजाम. या पथकांतल्या युद्धाच्या सुरुवातीपासून लढलेल्या जवानाला तीन पदकांचा संच मिळे: १९१४ चा किंवा १९१४-१५ चा कांस्यतारा, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि पंखधारी विजयदेवतेचे कांस्याचे व्हिक्टरी मेडल. तिन्हींवर एकच क्रमांक आणि नाव असायला हवे. एखादे पदक दुसऱ्याच माणसाचे निघाले तर संच नंतर जुळवलेला आहे.

जे परतले नाहीत त्यांच्या वारसांना १२० मिलिमीटर व्यासाची कांस्याची थाळी पाठवली गेली. भारतीय सैन्यातल्या मृतांच्या घरीही ती आली. एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांनी ती आखली, आणि ‘ई. सी. आर. पी.’ ही त्यांची अक्षरे सिंहाच्या पंजाजवळ आहेत. आधी लंडनजवळच्या ॲक्टनच्या कारखान्यात आणि मग वुलिचच्या शस्त्रागारात ती ओतली गेली. वुलिचच्या थाळीच्या मागे एका वर्तुळात ‘डब्ल्यू’ आणि ‘ए’ यांची गुंफण असते. अशा सुमारे साडेतेरा लाख थाळ्या निघाल्या. तिच्यावर मृताचे नुसते नाव आहे, हुद्दा नाही. सेनापती आणि शिपाई यांची थाळी एकाच धातूची, एकाच मापाची. श्रीरंगपट्टणच्या पाच धातूंनंतर सुमारे एकशे वीस वर्षांनी मरणात तरी ही समानता आली.

बिल्ल्यांकडे वळल्यावर काळ ठरवण्याची पहिली खूण म्हणजे मुकुट. व्हिक्टोरियाच्या काळात मुकुटाच्या कमानी मध्ये दबलेल्या, १९०१ नंतर त्या गोलाकार वर चढलेल्या, आणि २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आलेले. मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर शिंग, ढाल-तलवार आणि वर मुकुट असेल, शिवाय नाव ‘महरट्टा’ अशा जुन्या इंग्रजी वळणाने असेल, तर तो १९५० पूर्वीच्या घडणीचा. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर एकमेकींवर आडव्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या आणि नंतर स्तंभाच्या जागी कट्यार आली. स्तंभ असलेला बिल्ला थोड्याच वर्षांचा, म्हणून दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला जास्त.

कंटिंजंटचे बिल्ले तर इतिहासाची सलग साखळीच आहेत. १९०३ मध्ये कंटिंजंट स्वतंत्र फौज म्हणून संपली आणि तिच्या पलटणी भारतीय सैन्यात गेल्या: ९४ वी व ९५ वी रसेल्स, ९६ वी बेरार, ९७ वी व ९९ वी डेक्कन, आणि ९८ वी इन्फंट्री. १९२२ मध्ये त्या १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या. १९४५ मध्ये या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ झाले, कारण तोवर भरती प्रामुख्याने उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून होत होती. कुमाऊँ रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा अर्धा सिंह आणि त्याच्या पंजातला क्रूस हे हेन्री रसेलच्या घराण्याचे चिन्ह आहे. रसेल हा १८११ ते १८२० या काळात हैदराबादचा रेसिडेंट होता आणि कंटिंजंटचा गाभा असलेली रसेल ब्रिगेड त्यानेच उभी केली. स्वतंत्र भारतातले पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना ३ नोव्हेंबर १९४७ च्या बडगामच्या लढाईसाठी मिळाले. ते चौथ्या कुमाऊँचे, म्हणजे जुन्या हैदराबाद रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे.

बिल्ला कोणी बनवला हे मागच्या बाजूला शोधावे. बर्मिंगहॅमची जे. आर. गाँट अँड सन आणि लंडनची फर्मिन अँड सन्स या दोन पेढ्यांची नावे बिल्ल्यांच्या व बटणांच्या पाठीवर वारंवार सापडतात. फर्मिनची बटणे सतराव्या शतकापासूनची. अधिकाऱ्याचा बिल्ला चांदीचा असेल तर मागे शुद्धतेचे शिक्के असतात. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी, बिबट्याचे तोंड म्हणजे लंडनची, आणि एक अक्षर सालाचे. भारतात कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर अँड सन्स या पेढ्या चांदीकामासाठी नावाजलेल्या होत्या.

नाव नसलेले बिल्ले याहून कितीतरी जास्त आहेत. छावणीच्या बाजारातले ओतारी आणि तांबट मूळ बिल्ल्याचा वाळूत साचा घेऊन पितळ ओतत. हरवलेल्या बिल्ल्याच्या जागी शिपाई तो विकत घेई. असा बिल्ला जाड आणि जड असतो, मागची बाजू खडबडीत, कड्या डाख देऊन बसवलेल्या आणि कधी जरा वाकड्या. इंग्रजी ठशाचा बिल्ला पातळ असतो आणि पुढच्या उंचवट्यांची पोकळ छाप मागे दिसते. बाजारच्या ओतीव बिल्ल्याला बनावट म्हणणे अन्यायाचे आहे. पगारी शिपायाने तो टोपीला लावून परेडवर घातलेला असतो. बनावट म्हणावे ते आज संग्राहकांना विकण्यासाठी ओतलेल्याला. दोहोंतला फरक झिजेवरून कळतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या बिल्ल्याच्या उंच जागा झिजतात आणि मागच्या कड्यांना कापडाचे घर्षण लागते. नव्या नकलेवर काळेपणा सगळीकडे एकसारखा चढवलेला असतो.

या जिल्ह्याच्या मातीवर मिळालेल्या सर्वांत मोठ्या सन्मानाची गोष्ट धातूच्या प्रश्नाशी विलक्षण जोडलेली आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सेना सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गला पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचा बंदोबस्त होता. बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेऊन दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गवर हल्ला चढवला. आघाडीच्या तुकडीचे नेतृत्व हवालदार बचित्तर सिंग करत होते. वेगाने येणाऱ्या दोन गाड्या त्यांनी गोळीबार अंगावर घेत पकडल्या. नंतर मोक्याच्या जागी बसलेल्या शत्रूवर ते चालून गेले. लक्ष्य तीस यार्डांवर असताना मशीनगनच्या गोळ्या मांडीत घुसल्या. ते सरपटत पुढे गेले आणि दोन हातबाँब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मागे जायला त्यांनी नकार दिला आणि त्याच रणांगणावर ते पडले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र, वर्ग पहिला, देण्यात आले. त्याच दिवशी तुंगभद्रेच्या पुलावर लढलेले पाचव्या गोरखा रायफल्सचे नर बहादूर थापा यांनाही हेच पदक मिळाले. अशोक चक्राच्या मानकऱ्यांची यादी या दोघांपासून सुरू होते.

अशोक चक्राची स्थापना ४ जानेवारी १९५२ ला झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. म्हणून १९४८ च्या पराक्रमाला ते मिळू शकले. त्याची आखणी सावित्रीबाई खानोलकरांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले, भारतीय पुराणांचा मनापासून अभ्यास केला आणि परमवीर चक्रासह स्वतंत्र भारताची प्रमुख शौर्यपदके आखली. अशोक चक्राच्या पुढच्या बाजूला कमळांच्या माळेत अशोकाचे चक्र आहे. मागे हिंदी आणि इंग्रजीत ‘अशोक चक्र’ हे नाव आणि दोहोंच्या मध्ये कमळे. सुरुवातीला या पदकाचे तीन वर्ग होते, पण पदकावर वर्ग लिहिलेला नव्हता. पहिल्या वर्गाला सोन्याचा मुलामा, दुसऱ्याला चांदी, तिसऱ्याला कांसे. वर्ग ओळखायचा तो धातूवरून आणि फितीवरून: हिरव्या फितीवर पहिल्याला एक केशरी रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. जानेवारी १९६७ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांना कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी स्वतंत्र नावे मिळाली. तेव्हापासून ती नावे पदकांवर येऊ लागली. ‘अशोक चक्र’ असे लिहिलेले चांदीचे पदक दिसले तर मुलामा उडाला असे समजण्याची घाई करू नये. ते १९६७ पूर्वीचे दुसऱ्या वर्गाचे पदक असू शकते.

पदकांचे सर्वांत जास्त नुकसान प्रेमापोटी होते. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर पदकेही पूजेत मांडतात, आणि त्याआधी ती चिंच, राख किंवा बाजारच्या पावडरीने घासून लख्ख करतात. पन्नास-साठ खंडेनवम्यांनंतर कडेवरचे नाव वाचता येत नाही. चांदीच्या पदकाची टांगणी कापून कडी डाखली जाते आणि ते गळ्यात घालायला होते. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर अशी पदके आटवली गेली. मखमलीच्या किंवा प्लायवूडच्या पेटीतही चांदी लवकर काळवंडते. आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवणे पुरेसे आहे. पदकावरचा काळेपणा हा त्याच्या वयाचा भाग आहे. तो काढू नये. हिरवा गंज धरलेले कांसे मात्र जाणकाराला दाखवावे.

कायद्याचेही एक कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता या मर्यादेत आली आहेत.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, भूम या भागांत ज्या घरी असे पदक किंवा बिल्ला असेल त्यांनी ते मोडीत देण्याआधी किंवा घासण्याआधी तीन छायाचित्रे काढावीत: पुढची बाजू, मागची बाजू आणि तिरप्या उजेडात संपूर्ण कड. कडेवरचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण जसेच्या तसे वहीत उतरवावे आणि त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावी.